राणीच्या जागेवर

मॅडमच्या प्रत्येक साडीला मूळ काठाच्या खाली आणखी एक काठ असायचा, पांढऱ्या ठिपक्यांचा. तो ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पडलेला. दवाखान्याच्या दारात त्यांनी एक पसरट घमेलं ठेवलं होतं. रोज सकाळी त्या स्वतःच्या हाताने त्यात पावडर कालवायच्या, आणि आत येणाऱ्याला, मग तो गायीचा मालक असो की तपासणीला आलेला साहेब, त्या पाण्यात पाय बुडवल्याशिवाय पुढे सोडायच्या नाहीत. मी पहिल्या दिवशी नवे कोरे चामड्याचे बूट घालून हजर झालो होतो.

"बुडवा," त्या म्हणाल्या.

"मॅडम, बूट खराब होतील."

"व्हतील की," त्या म्हणाल्या, आणि माझे बूट खराब झाले.

जामखेडच्या पुढे तासाभरावर, बाभळी आणि मुरमाड रानांच्या मधोमध ते गाव आहे. दवाखाना सरकारी, जनावरांचा. गावात त्याला ढोराचा दवाखाना म्हणतात. मॅडम तिथल्या डॉक्टर. वय पंचावन्नच्या पुढे, अंगाने बारीक, आवाज मात्र मोंढ्यात भाव पुकारणाऱ्याचा. मी त्या दवाखान्याला जोडलेल्या फिरत्या गाडीवरचा कंत्राटी डॉक्टर. साताऱ्याकडून आलेला, नुकताच पास झालेला, आणि आपल्याला सगळं कळतं अशी खात्री बाळगून असलेला. आता मी दुसऱ्या जिल्ह्यात आहे आणि मॅडम निवृत्त झाल्या आहेत. पण आजही एखादं आजारी पिल्लू टेबलावर आलं की माझा हात औषधाकडे जाण्याआधी थबकतो. त्या मागे उभ्या आहेत असं वाटतं.

ढोराच्या दवाखान्यात कुत्र्याला कोण विचारतो? गायीला योजना आहे, शेळीला आहे, कोंबडीलासुद्धा आहे. कुत्र्याला काही नाही. मॅडमनी मात्र त्या कोरड्या भागात कुत्र्यांची, त्यातही पिल्लांची, एवढी नोंद ठेवली होती की मी थक्क होऊन गेलो. पिल्लांना होणारा तो पार्व्हो नावाचा रोग त्यांचा जुना वैरी होता. उलट्या, हगवण, दोन-तीन दिवसांत पिल्लू सुकून जातं. त्यांच्या खोलीत भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा होता आणि त्यावर कपाळाच्या टिकल्या चिकटवलेल्या होत्या. स्वतः त्या कधी टिकली लावत नसत. बाजारच्या दिवशी टिकल्यांची पाकिटं घेताना दुकानदारीण हसून म्हणायची, "मॅडम, लावता कवा ह्या?" त्या म्हणायच्या, "रोज लावते. जामखेडला लावते, पारनेरला लावते."

लाल टिकली म्हणजे जुन्या तऱ्हेचा पार्व्हो, रक्ताची हगवण. पिवळी टिकली म्हणजे नवीन तऱ्हा. रक्त नाही, नुसता पिवळा शेंबडासारखा चिकट जुलाब. कधी लस टोचलेल्या पिल्लालाही होणारा, कधी मोठ्या कुत्र्यालाही धरणारा. मी गेलो तेव्हा नकाशावर लाल टिकल्या विखुरलेल्या होत्या. पिवळ्या मात्र रांगेत होत्या. कुठून कुठे, ते मला लवकर उमजलं नाही. मॅडमनी माझं बोट धरून नकाशावरून फिरवलं. जामखेडच्या वस्त्यांवरून निघून ती पिवळी रांग काष्टीकडच्या उसाच्या पट्ट्यात जात होती. ऊसतोडीचे ट्रक ज्या रस्त्याने जातात तोच तो रस्ता.

"मानसं जात्यात तर त्यांची कुत्री बी जात्यात," त्या म्हणाल्या. "तिथं बीडची येत्यात, नाशिककडची येत्यात, आपली जात्यात. समद्यांचा रोग एकमेकाला भेटतो. परत येताना नवाच कायतरी होऊन येतो."

मी पुस्तकी थाटात म्हणालो, "पण मॅडम, पुस्तकात तर रक्ताची हगवण हेच मुख्य लक्षण दिलंय."

"डॉक्टर, विषानू काय येडा हाय का, दरसाल तेच कापड घालून यायला?"

त्या साहेबांशी फोनवर शुद्ध बोलायच्या, अगदी छापील. फोन ठेवला की पुन्हा "हाय" आणि "न्हाई". माझ्याशी कुठल्या भाषेत बोलतात यावरून त्यांचा मूड कळायचा. शुद्ध बोलायला लागल्या की समजावं, आपलं काही खरं नाही.

त्यांची सगळ्यात चमत्कारिक सवय म्हणजे वास. पिल्लू टेबलावर आलं की थर्मामीटरच्या आधी त्या खाली वाकायच्या, डोळे मिटायच्या आणि पिल्लाच्या विष्ठेचा वास घ्यायच्या. एखादा उदबत्तीवाला उदबत्तीचा घेईल तसा, सावकाश. मालक तोंड फिरवायचे. दवाखान्यातले परिचर मामा तर डबा खाताना मॅडमकडे पाठ करून बसायचे. पण त्या वासावरून त्या सांगायच्या, आणि मी जितक्या वेळा नंतर तपासून पाहिलं तितक्या वेळा बरोबर निघायचं. मी तसा वास घ्यायचा प्रयत्न केला. मला फक्त घाण आली.

दोन गोष्टी सांगतो, म्हणजे बाई काय चीज होत्या ते ध्यानात येईल.

विष्ठेचे नमुने त्या स्वतः एसटीने पुण्याच्या प्रयोगशाळेत नेऊन द्यायच्या. कुरिअरवर त्यांचा विश्वास नव्हता. नमुन्याच्या नळ्या बर्फात घालून एका स्टीलच्या थर्मासमध्ये, आणि थर्मास मांडीवर. एकदा शेजारी बसलेल्या गृहस्थांनी गाडी घाटात असताना मोठ्या आशेने विचारलं, "बाई, घोटभर चहा मिळंल का?" मॅडम म्हणाल्या, "चहा न्हाई. कुत्र्याची हगवण हाय." ते गृहस्थ उठले, त्यांच्यामागे पुढची सीट उठली. मॅडम पुण्यापर्यंत तिघांच्या बाकावर पाय पसरून गेल्या. हे सांगताना त्या स्वतःच इतक्या हसायच्या की शेवट आपल्यालाच पुरा करावा लागे.

दुसरी सरपंचांच्या मुलीच्या लग्नाची. मॅडम नटूनथटून आल्या आणि मांडवाच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडेच थांबल्या. कितीही बोलावलं तरी आत येईनात. तिकडूनच अक्षता टाकल्या, त्या अर्ध्या गटारात पडल्या. जेवणाचं ताट त्यांनी रस्त्यावरच मागवलं आणि कुणाच्या तरी मोटरसायकलच्या सीटवर ठेवून जेवल्या. मानपानात काही चुकलं असं वाटून सरपंच हात जोडत आले. "मॅडम, आमचं काय चुकलं?" तेव्हा कळलं, की सकाळीच त्यांनी एक आजारी पिल्लू हाताळलं होतं आणि सरपंचांच्या अंगणात कुत्री व्यालेली होती. "अंघोळ केली, साडी बदलली," मॅडम म्हणाल्या, "पन केसातून गेलं तर? त्या जंतूला मातीत महिनोन्महिने काय व्हत न्हाई. फिनेलनं बी मरत न्हाई त्यो." सरपंचांची सात पिल्लं वाचली. त्यांना धोका होता हे सरपंचांना त्या दिवसापर्यंत माहीतच नव्हतं.

गावाने बाईंना खुळ्यात काढलं होतं. खरं सांगायचं तर पहिले काही महिने मीही.

मग ती दिवाळीनंतरची गोष्ट घडली. तिची सुरुवात माझ्या चुकीने झाली, म्हणून ती मला जशीच्या तशी आठवते.

मॅडम नगरला बैठकीला गेल्या होत्या. दवाखान्यात मी एकटा. वस्तीवरून कांताबाई आली, पाटीत फडक्यावर एक पिल्लू घेऊन. कांता आणि तिचा नवरा ऊसतोडीला जाणारे. तिची पोरगी सोनी कडेवर होती, दहा-अकरा महिन्यांची, रांगायला लागलेली, हाताला लागेल ते ओढणारी. ही सोनी मागच्या हंगामात उसाच्या फडाशेजारीच जन्मली होती, उसाच्या वाळक्या पाल्याच्या झोपडीत, म्हणजे कोपीत. ती महिन्याचीही झाली नव्हती तेव्हा उसातून बिबट्या आला होता आणि कांताची कुत्री राणी त्याच्या अंगावर गेली होती. राणीचा एक कान त्यात फाटला, पण बिबट्या मागे फिरला. तालुक्यात सगळ्यांना ठाऊक असलेली ती गोष्ट. त्या राणीला आता पाच पिल्लं झाली होती आणि ऊसतोडीच्या टोळीतल्या घराघराने एकेक पिल्लू आधीच बोलून ठेवलं होतं. उसात राहायचं तर दारात कुत्रं हवंच. सहा दिवसांनी काष्टीकडे ट्रक निघणार होता, राणी आणि पिल्लांसकट.

पाटीतल्या पिल्लाला पिवळा जुलाब होता. मी पार्व्हो तपासायचं किट काढलं. कापसाच्या काडीने नमुना घेतला, थेंब टाकले, दहा मिनिटं थांबलो. एकच रेघ उमटली. म्हणजे पार्व्हो नाही. शिवाय राणीला आपल्याच शिबिरात लस दिलेली होती. रक्त नव्हतं. मॅडमच्या पिवळ्या टिकल्या मला अजून खूळच वाटायच्या. माझ्या दृष्टीने विषय संपला.

"जंत आहेत," मी ऐटीत सांगितलं. "हे औषध द्या. आणि ट्रकमधून न्यायला हरकत नाही."

कांताच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो पाहून मला स्वतःचाच अभिमान वाटला. मी मामांना फिनेलने फरशी पुसायला सांगितली आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम आल्या, दारातल्या पाण्यात पाय बुडवले, आत एक पाऊल टाकलं आणि थांबल्या.

"काल पिल्लू कुनाचं आलं होतं?"

मी सांगितलं. किटची एक रेघ, राणीची लस, रक्त नाही, जंत. त्या सरळ कचऱ्याच्या डब्याकडे गेल्या, खाली बसल्या आणि हात घालून कालची कापसाची काडी शोधून काढली. डोळे मिटले. मामांनी पाठ फिरवली. मला त्या क्षणी हसू येत होतं, हे कबूल करायला आज लाज वाटते.

"वास तोच आहे," त्या म्हणाल्या, "रंग बदललाय. डॉक्टर, तुम्ही ते पिल्लू घरी पाठवलंत?"

शुद्ध मराठी.

आम्ही गाडी काढली. वस्तीवर पोचलो तर आणखी दोन पिल्लं गोठ्याच्या कडेला पडली होती. कालचं पिल्लू उठतच नव्हतं. राणी उन्हात बसून आमच्याकडे बघत होती, फाटका कान लोंबत होता. मॅडमनी तिचा ताप पाहिला, डोळे पाहिले, पोट चाचपलं. राणी तेव्हा ठणठणीत होती.

मग त्या कांताला म्हणाल्या, "कांता, ही पिल्लं ट्रकमधी जायची न्हाईत. राणी बी न्हाई."

कांताने सोनीला खाली ठेवलं. "कालच तर ह्या डॉक्टरनी सांगितलं जंत हायेत म्हनून. ट्रकात न्या म्हनले. आता तुमी दुसरंच सांगता. आमी ऐकायचं कुनाचं?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "त्यांचं खरं असंल तर लई चांगलं," त्या म्हणाल्या. "पन माझं खरं निघालं तर तिथं समद्या जिल्ह्यांची पिल्लं हायेत, ती कुनी वाचायची न्हाईत. अन हंगाम संपला की त्यो रोग समदीकडं जाईल."

"पिल्लं ऱ्हाऊ द्या. राणीला तर कायबी झालं न्हाई!"

"राणीच्या अंगावर जंतू हाय. उद्या तिला बी धरंल."

"किती दिस?"

"तीन आठवडे तरी."

कांताचा आवाज चढला. "तीन आठवडे! मॅडम, पहाटंपासून आमी दोघं फडात असतो. पोरगी बांधावर असती. तवा ती झोपून ऱ्हायची, आता रांगती. मागल्या साली राणी नसती तर ही पोरगी आज नसती. तीन आठवडे तिला कोन राखील? तुमी येऊन बसनार हाय का तिथं?"

हे ती रागाने म्हणाली. उत्तराची अपेक्षा नव्हतीच. वस्तीवरच्या दोन-चार बायका हसल्यासुद्धा. मॅडमनी सोनीकडे पाहिलं. सोनी माझ्या बुटाची नाडी ओढत होती.

"बसते," मॅडम म्हणाल्या.

आम्हाला सगळ्यांना वाटलं, बोलण्याच्या ओघात म्हणाल्या. त्यांनी त्या दिवशी पिल्लांचे आणि राणीचे नमुने घेतले, थर्मास भरला आणि संध्याकाळच्या एसटीने पुण्याला गेल्या. परत आल्या त्या दिवशी टेबलावर एक अर्ज होता. एकवीस दिवसांची अर्जित रजा. कारणाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: "एका कुत्रीच्या जागेवर हंगामी काम."

नगरहून साहेबांचा फोन आला. मी समोरच बसलो होतो. "मॅडम, हे काय लिहिलंय?"

"सर, मग खोटं लिहू का?" मॅडमनी अत्यंत अदबीने विचारलं. रजा मंजूर झाली.

निघण्याआधी त्यांनी जामखेडच्या बाजारातून दोन नव्या साड्या आणि नव्या चपला घेतल्या. घरातलं एकही कापड बरोबर नेलं नाही. दवाखान्यातला जंतू पुन्हा अंगावर यायला नको म्हणून पुढचे दोन दिवस त्या आमच्याशी रस्त्याच्या पलीकडून बोलल्या. जाताना मला म्हणाल्या, "पिल्लं तुमच्याकडं. एक बी जंतावर सोडू नका." मग ट्रकच्या मागे त्यांची एसटी निघाली. मला वाटलं, दोन दिवसांत परत येतील.

दुसऱ्याच दिवशी राणीने भाकरी सोडली. त्याच्या पुढच्या दिवशी पिवळा जुलाब. लस दिलेली, तीन वर्षांची, बिबट्याला न घाबरलेली कुत्री भिंतीला टेकून पडली. मी किट लावलं. पुन्हा एकच रेघ. मी त्या रेघेकडे बघत बसलो. गेल्या आठवड्यात याच एका रेघेच्या जोरावर मी कांताला ट्रकमध्ये न्यायला सांगितलं होतं. राणी आज त्या फडावर असती. शेजारी इतर टोळ्यांची कुत्री, त्यांची पिल्लं, पाण्याचा एकच हौद. सलाईनची सुई मला दोनदा चुकली.

सहाही जीव मी ट्रक निघायच्या आधीच दवाखान्याच्या मागच्या खोलीत आणून ठेवले होते. पहिलं पिल्लू वाचलं नाही. दुसरंही गेलं. प्रत्येक संध्याकाळी मॅडमचा फोन यायचा. "डोळे कसे? जीभ वली हाय का?" पिल्लू गेलं म्हणून सांगितलं की त्या म्हणायच्या, "बरं. बाकीच्यांकडं बघा." मी माझ्या चुकीबद्दल बोलायला लागलो की फोन ठेवायच्या. राहिलेली तीन पिल्लं हळूहळू दूध चाटायला लागली. आठव्या दिवशी राणी स्वतःहून उठली आणि मामांच्या डब्याकडे चालत गेली. मामा पहिल्यांदा डबा सोडून रडले.

त्यानंतर मी काष्टीला गेलो. औषधं संपली होती, ती तिकडून घ्यायची होती, हे एक निमित्त. खरं म्हणजे मला बघायचं होतं.

फड शोधायला वेळ लागला नाही. रस्त्यावरच्या पोराने विचारायच्या आधीच बोट दाखवलं, "डॉक्टरीनबाई तिकडं हायेत." सकाळचे आठ वाजले होते. एका बाजूला उभा ऊस, दुसऱ्या बाजूला तोडलेला. मधल्या बांधावर बाभळीच्या तुटक्या सावलीत मॅडम बसल्या होत्या. पुढ्यात पत्र्याचा रिकामा डबा, हातात दांडकं. डाव्या मनगटाला साडीची लांब चिंधी बांधलेली आणि तिचं दुसरं टोक सोनीच्या पायाला. सोनी चिंधीच्या मापात रांगत होती. आसपास टोळीतली आणखी पाच-सहा पोरं. आया फडात मोळ्या बांधत होत्या. दर थोड्या वेळाने मॅडम उठायच्या, डब्यावर दांडकं हाणायच्या आणि उसाकडे तोंड करून असा काही आवाज काढायच्या की मीसुद्धा दचकलो. भुंकणं म्हणता येणार नाही. पण माणसाचाही नव्हता.

"मॅडम," मी म्हणालो.

"तिथंच थांबा!" त्या ओरडल्या. "पिल्लांकडनं आलाव का?"

मी पंधरा पावलांवर उभा राहून बोललो. टोळीचा मुकादम पुढे आला आणि मला हळूच म्हणाला, "साहेब, ह्या बाई खरंच मोठ्या डॉक्टर हायेत का? पयल्या दिशी आमाला वाटलं, कांताची मावशी आली." मी हो म्हणालो. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. पहाटे अंधार फिटायच्या आत त्या बांधावर येऊन बसतात, दिवस मावळून बाया कोपीवर परतेपर्यंत हलत नाहीत, एवढं त्याने सांगितलं. कांता त्यांच्याशी फारसं बोलत नव्हती. भाकरी तेवढी आणून समोर ठेवायची.

मॅडमनी मला बांधाच्या पलीकडची ओली जागा दाखवली. पाटाच्या चिखलात पंज्याचे चार ठसे होते, ताजे.

"काल आला व्हता," त्या म्हणाल्या. "मी डबा वाजीवला. गेला." मग पोरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, "मला लई भ्या वाटतं हो, डॉक्टर."

मी म्हणालो, "मॅडम, तुम्ही परत चला. मी बसतो."

"तुमी पिल्लांपाशी बसा," त्या म्हणाल्या आणि पुन्हा डबा वाजवला.

नोकरीत अशी माणसं असतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी आजवर हुशार माणसं पाहिली होती, मेहनती पाहिली होती. पण आपण बोललेल्या एका शब्दासाठी बिबट्यापुढे पत्र्याचा डबा घेऊन बसणारं माणूस पाहिलं नव्हतं.

एकविसाव्या दिवसाच्या आदल्या दिवशी पुण्याहून अहवाल आला. पार्व्होच. आणि बदललेल्या रूपाचा. किटवर पटकन न दिसणारा, लसीला काही वेळा हुलकावणी देणारा. मॅडमच्या वासाने जे सांगितलं होतं ते तीन पानांवर छापून आलं होतं. मी राणीला आणि तिन्ही पिल्लांना दोनदा धुतलं, गाडी ब्लीचिंगने धुतली, स्वतः धुतलो, आणि अहवालाची घडी खिशात घालून निघालो. रस्ताभर मी ठरवत होतो, अहवाल कसा पुढे करायचा, काय म्हणायचं.

राणीने मला ते काही करू दिलं नाही. दार उघडताच तिने उडी मारली आणि फाटका कान उडवत बांधावर धावली. सोनीला तिने नाकापासून पायापर्यंत हुंगलं. सोनीने तिचा चांगला कान मुठीत धरला. राणी खाली बसली, तोंड उसाकडे करून.

मॅडमनी मनगटावरची चिंधी सोडली. मनगटावर तिचा लाल वळ उमटला होता.

"घे बाई, चार्ज घे," त्या राणीला म्हणाल्या.

कांता फडातून धावत आली. आधी पिल्लं पाहिली, तीनच होती ते तिला दिसलं. मग ती मॅडमच्या पायाशी वाकली. मॅडम कुणाला पाया पडू देत नसत, घरी शिकवलेलंच तसं. त्यांनी तिला दंडाला धरून वर उठवलं.

"मी तवा रागात बोलले व्हते," कांता म्हणाली. "तुमी खरंच येऊन बसला. मला वाटलं, दोन दिसांत जाताल."

"मला बी वाटलं व्हतं," मॅडम म्हणाल्या.

गाडीत बसल्यावर मी अहवाल त्यांच्या हातात दिला. त्यांनी पहिल्या पानावर नजर टाकली, घडी घातली आणि पिशवीत ठेवला. मला राहवलं नाही. इतके दिवस मनात साठलेलं सगळं बाहेर आलं. मी म्हणालो, "मॅडम, मी किट बघून खात्रीने सांगितलं आणि चुकलो. तुम्हाला मात्र वासावरून पहिल्या दिवशीच खात्री होती. मला तशी खात्री कधी येईल?"

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. चेहरा उन्हाने रापून काळा पडला होता, ओठ फुटले होते.

"मला कुठं खात्री व्हती?" त्या म्हणाल्या. "खात्री असती तर कांताला ठनकावून सांगितलं असतं अन दवाखान्यात बसले असते. निस्ता अंदाज व्हता माझा. आपल्या अंदाजावर त्या पोरीची राखन काढून घेतली मी. मग तिथं जाऊन बसायला नको?"

काष्टीचं गाव मागे पडायच्या आत त्यांची मान खिडकीला टेकली आणि त्या झोपल्या. मी ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला सांगितलं.